चकचकीत टायर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या सरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. ऐकून घ्या.

सावेडीत माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. माझ्या हाताला यश आहे असं लोक म्हणतात. खोटं कशाला बोलू, मलाही ते ऐकायला आवडतं. गायकवाड सर माझे जुने गिऱ्हाईक, त्याच्याही आधी माझे चित्रकलेचे मास्तर. जन्मभर स्कूटरवरून शाळेत गेलेल्या या माणसाने रिटायर झाल्यावर काय घ्यावं? चारशे सीसीची लाल स्पोर्ट्‌स बाईक! काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, पंधरा दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत.

पण गाडी काय होती! दोन सिलिंडर, हँडल इतकं खाली की बसलं की माणूस आपोआप टाकीवर झुकायचा. पाच हजार आरपीएमपर्यंत शहाण्यासारखी चालायची. सात हजारांच्या पुढे आवाजच बदलायचा. सरांना वेगाचं वेड नव्हतं. "बाळू, हे बघ," पुढच्या दिव्यापासून मागच्या सीटपर्यंत हवेत बोट फिरवत ते म्हणायचे, "पेन्सिल न उचलता काढलीय रे ही." आणि वळणं! गाडी कलवून एखादं वळण छान निघालं की गॅरेजवर येऊन मला सांगायचे. या वयात एवढा आनंद कोणाच्या वाट्याला येतो?

आता तो दिवस. टाळतोय मी — कळतंय मला.

सर्व्हिसिंग झालं, गाडी धुतली. ताब्यात देताना टायरच्या बाजूंना तेलकट पॉलिश मारायचं, ही माझी जुनी सवय. काळेभोर टायर बघून गिऱ्हाईक खूश होतं. रोजच्या गाड्या सरळ उभ्या पळतात. फडका बाजूवरून थोडा रस्त्याला टेकणाऱ्या भागाकडे सरकला तरी बिघडत नाही. ही गाडी मात्र वळणात कलते ती टायरच्या कडेवर. तिचा टायर त्यासाठीच गोल केलेला असतो, आणि त्या कडेला तेलाचा हातही लागता कामा नये. मला हे माहीत नव्हतं का? होतं. इतरांना मीच समजावून सांगायचो. पण त्या सकाळी हात सवयीने फिरत राहिला — सरांची गाडी म्हणून जरा जास्तच मायेने. पार कडेपर्यंत.

गॅरेजपासून दुसऱ्याच वळणावर सर पडले.

खांद्याचं हाड मोडलं. लोकांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, मी गाडी ढकलत गॅरेजवर आणली. मागच्या टायरची कड उन्हात चमकत होती. बघितलं, आणि कळलं. मी शटर अर्धं खाली ओढलं, पेट्रोलचा फडका घेतला आणि दोन्ही टायर कोरडे होईपर्यंत पुसले. सरांकडे नंतर गेलो. आधी टायर पुसले.

दवाखान्यात सर म्हणत होते, "रस्त्यावर वाळू नव्हती, पाणी नव्हतं. मी हळूच होतो रे. मग मागचं चाक गेलं कसं?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मेकॅनिक मी!

"सर, गाडी लई ताकदीची हाय," मी म्हणालो. "वळणात उजव्या मुठीतला थ्रॉटल जास्त उघडला गेला आसंल तुमच्याकडून."

एवढं सोपं होतं ते. मी घाबरलो होतो का? हो. गॅरेजचं नाव जाईल म्हणून, आणि त्याहून जास्त — सरांच्या नजरेतून उतरेन म्हणून. त्यांनी मात्र क्षणात विश्वास ठेवला. माझ्यावर नाही ठेवणार तर कोणावर?

हाड जुळलं. गाडी विकली गेली, गिऱ्हाईक मीच शोधून दिलं. आता सर स्कूटर चालवतात, आणि साध्या वळणावरही दोन्ही पाय खाली सोडतात. माझ्या दारासमोरूनच जातात ते. मी मान खाली घालून कुठलातरी नट आवळत बसतो.

गेल्या महिन्यात ते गॅरेजवर आले. चहा झाला. दोघंच होतो. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बाळू, खांदा बरा झालाय. काही केल्या मन ऐकत नाही. पुन्हा घेऊ का तशी गाडी? त्या दिवशी — नक्की माझाच हात चुकला होता ना?"

सगळं ओठांवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी म्हणालो,

"व्हय सर. नका घेऊ आता."

सरांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि तो खिशात घातला. "बरं झालं," ते म्हणाले, "तू तरी खरं सांगितलंस."