झपकलेली लाइट आणि सहा किलोचा पाइप

रशीदभाईंनी फाटलेला पाइप माझ्या टेबलावर आदळला. "बघा मॅडम, जोड शाबूत हाय. पाइपच फाटला, तोबी मधोमध. तरी गाव म्हणून राहिलं, रशीदनं काम बिघडवलं."

रशीदभाई नांदेडचे जुने फिटर. भोकरकडच्या एका गावात विहिरीपासून टेकडीवरच्या टाकीपर्यंतची लाइन त्यांनी टाकली होती. ती तिसऱ्यांदा फुटली. शुक्रवारी ग्रामसभा. तिथे ठपका बसला, की त्या तालुक्यात त्यांना पुन्हा कुणी काम देणार नाही. तीस वर्षांची इज्जत पणाला लागलेली. मोटर चालू-बंद करणारं पॅनेल माझ्या वर्कशॉपचं, म्हणून सरपंचांनी रिपोर्ट मलाच मागितला.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाली. पाण्याचं गणित मला कुठलं यायला! पण सर्किटचं सॉफ्टवेअर येतं, आणि त्याला पाणी काय नि वीज काय, सारखंच. दाब म्हणजे व्होल्टेज, प्रवाह म्हणजे करंट. धावतं पाणी एकदम थांबत नाही, तसा कॉइलमधला करंटही थांबत नाही. पाणी मागे जाऊ न देणारी झडप म्हणजे डायोड. मोटर म्हणजे बॅटरी आणि एक स्विच. सगळी लाइन मी तशी स्क्रीनवर मांडली.

स्विच बंद केला. मोटर थांबली की चढणारं पाणी उलटं फिरतं आणि झडपेवर आपटतं. दाबाचा आलेख उसळला, पण पाच किलोवर थांबला. किलो म्हणजे इथे वजन नव्हे, दाब. पाइप सहा किलोचा, म्हणजे तेवढा दाब सोसणारा. मग फुटला कसा? दोष फिटिंगचाच, असं लिहायला घेतलं. पण जोड तर शाबूत होता, फाटला होता पाइप.

म्हणून आधी सरपंचांना फोन लावला. "पाइप फुटला तेव्हा नेमकं काय झालं?"

"काय व्हायचंय? लाइट झपकली. एक-दोन-तीन म्हणूस्तोवर परत आली, अन् पाइप गेला."

"आणि मोटर?"

"ती आपोआप चालू झाली की! तुमचा ऑटो हाय न्हवं? लई भारी काम करून राहिला बघा."

ऑटो म्हणजे माझ्या पॅनेलमधला, लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा डबा. मोटरने जरा थांबून चालू व्हावं म्हणून त्यात टायमर असतो. आमच्याकडे सगळे तो शून्यावर मागतात. लाइट असते थोडा वेळ, त्यातलं मिनिट कोण वाया घालवणार? मीही विचार न करता शून्यावर लावून देत आले.

सॉफ्टवेअरमध्ये स्विच बंद केला आणि तीन सेकंदांनी पुन्हा चालू केला. पाणी उलटं येतंय आणि मोटर पुढे ढकलतेय, दोघांची टक्कर. आलेख नऊच्या वर! मग टायमर दीड मिनिटावर नेला. पुन्हा पाचच. हुश्श! रशीदभाई सुटले. अडकले मी.

ग्रामसभेत उभी राहिले आणि सांगून टाकलं, "रशीदभाईंचं काम चोख आहे. चूक माझ्या पॅनेलची, टायमर शून्यावर होता."

मग सरपंच म्हणाले, "रशीदभाई, नवा पाइप तुम्हीच टाका. अन् मॅडम, टायमर आत्ताच फिरवा."

फिरवला. पाच मिनिटांचं काम. लाइट अजून रोज झपकते, पण तेव्हापासून लाइन शाबूत आहे.

परतताना रशीदभाईंनी चहा पाजला. हसून म्हणाले, "मॅडम, त्या कम्प्युटरला इतकं विचारलं. गावाला पयलेच विचारायचं ना!"

आता माझ्या वर्कशॉपमधून शून्यावरचा टायमर बाहेर जात नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.