पुलावरची खुर्ची

पुलावर लोखंडी खुर्ची टाकून बसलेला तो म्हातारा वेडा नाही. तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पूल ओलांडून नवा माणूस आला की पहिली माझी पिठाची गिरणी लागते आणि पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, तो कोण हो बसलाय मध्येच?" सांगून सांगून माझी जीभ झिजली. वर लोक म्हणतात, हिचा आवाज मोठा. अहो, गिरणी चालवणारी बाई काय कुजबुजणार आहे?

दादा पालिकेत मुकादम होता, रस्तेदुरुस्तीच्या टोळीवर. हाताखाली चार माणसं, एक ढकलगाडी आणि डांबराचं एक पिंप. खड्डा दिसला की त्याला चैन पडायचं नाही. वहिनी म्हणायची, "ह्यांच्याबरोबर कुठं पाहुण्यांकडे निघालं तरी हे आपले खाली बघत चालतात. समोरून माझी आई आली तरी ओळखायचे नाहीत." सगळ्या गावात तो ठिगळदादा. वहिनी अकाली गेली, मग पोरगी त्यानं एकट्यानं वाढवली. सकाळी कामावर जायच्या आधी तिच्या वेण्या घालायचा. हाताला डांबराचा वास. पोरगी नाक मुरडायची, पण मान मात्र हलवायची नाही. त्या पोरीवर त्याचा जीव किती, ते मला विचारा.

आता पुलाचं सांगते. ओढ्याच्या पलीकडे शाळा, बाजार, दवाखाना, एसटीचा स्टँड. अलीकडे आमच्या चार गल्ल्या, माझी गिरणी आणि पुढं लांबच्या गावांना जाणारा रस्ता. मध्ये हा पूल, आमच्या आजोबांच्या वेळचा, एक गाडी जाईल एवढाच. असून अडचण, नसून खोळंबा. नवा बांधायची पालिकेची ऐपत नाही, तो राज्याच्या अनुदानातूनच व्हायचा. त्यासाठी दरवर्षी वरून तपासणीची माणसं येतात, एकेका पुलाला गुण देतात. ज्याची अवस्था वाईट आणि वर्दळ जास्त, त्याला पैसे.

आणि इथंच आमच्या लोकांनी माती खाल्ली. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? घर झाडतो, पसारा पलंगाखाली सारतो, फुटका कप मागं ठेवतो. कचेरीनं पुलाचं तेच केलं. तपासणीचं पत्र आलं रे आलं की दादाला बोलावणं, "मुकादम, वरचे साहेब येतायत, पूल जरा नीट करून घ्या." की दादा टोळी घेऊन हजर. भेगा भरायचा, कठड्याला चुना मारायचा. एका वर्षी तर दोन्ही टोकांना फुलांच्या कुंड्या ठेवल्या होत्या, माझ्या दारातल्या! साहेब लोक यायचे, मान डोलवायचे, "छान ठेवलाय हो पूल," म्हणायचे आणि अनुदान दुसऱ्याच कुठल्यातरी पुलाला द्यायचे. आमची कचेरी शाबासकीवरच खूश. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! वर्षानुवर्षं हेच चाललं, आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही.

मग कचेरीत एक नवी इंजिनिअर आली. तरुण मुलगी, बोलायला गोड, पण स्पष्ट. तिनं दादाला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "दादा, हा पूल नापास व्हायला हवा. तुम्ही त्याला दरवर्षी पास करून सोडता."

दादा तिथून थेट माझ्या गिरणीत आला आणि दळणाच्या पोत्यावर बसला. अंगावर पीठ उडत होतं, त्याला भान नाही. "मीच अडवला गं पूल," म्हणाला.

"चल, खुळ्या!" मी ओरडले. "तू सांगितल्या कामाचा धनी."

पण त्याच्या मनाला ते लागलं ते लागलंच.

त्या वर्षी इंजिनिअरबाईंनी बजावलं, पुलाला हात लावायचा नाही. दादा म्हणाला, "मग बंद तरी करा. कुणाचा जीव जायचा." ती बिचारी म्हणाली, "बंद केला तर वर्दळ कुणाची मोजणार? वापरात नसलेल्या पुलाला कोण पैसे देतं?" आता सांगा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दुरुस्त केला तर पास, बंद केला तर बाद. म्हणजे पूल मोडका हवा आणि त्याच्यावरून माणसंही जायला हवीत.

ओढ्याला पूर आला, तेव्हा एका बाजूचा कठडा गेला आणि त्याच्याबरोबर कडेचा तुकडाही. भोक पडलं. पायी चालणाऱ्यांची वाट नेमकी तीच. दादाच्या शेडमध्ये सिमेंटची पोती पडून होती, खडी होती, हात शिवशिवत होते. एका दुपारचं काम. पण त्यानं केलं नाही. जेवताना घास हातात धरून नुसता बघत बसायचा.

तपासणीची माणसं आली. ह्या वेळी चुना नाही, कुंड्या नाहीत. त्यांनी आपली जीप पलीकडेच ठेवली आणि चालत आले, भोकात वाकून बघितलं, चुकचुकले. ते चुकचुकणं ऐकून मला इतका आनंद झाला म्हणता! आणि खरंच, अनुदान मंजूर झालं. नगराध्यक्षांनी पुलावर उभं राहून फोटो काढून घेतला, भोक दिसणार नाही अशा बाजूनं. त्याच महिन्यात दादा निवृत्त झाला. त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. लोक म्हणाले, ठिगळदादा सुटले.

कसला सुटतोय! मंजुरीच्या कागदाला शेपूट होतं. काम सुरू होईपर्यंत पूल तपासणीच्या वेळी होता तसाच राहिला पाहिजे. त्याच्यावर दुरुस्ती झाली, की तो तितका वाईट नाही असं धरणार आणि पैसे यादीतल्या पुढच्या पुलाला. बंदही ठेवायचा नाही. आणि काम सुरू कधी? तर लवकरच. नकाशा वर गेला, खुणा होऊन खाली आला, परत वर गेला. टेंडर काढलं तर कुणी भरलं नाही, म्हणून पुन्हा काढलं. भिजत घोंगडं!

भोकाच्या पुढ्यात पालिकेनं दोन रिकामी पिंपं ठेवली. एक ट्रकच्या धक्क्यानं ओढ्यात गेलं. दुसरं कुणीतरी घरी पाणी भरायला नेलं, आणि कोणी नेलं ते मला माहीत आहे, पण ते जाऊ दे. मग एके दिवशी शाळेच्या पोरींचा घोळका पळत आला आणि त्यातल्या एकीचा पाय मांडीपर्यंत आत गेला. दादा बाजारातून येत होता. त्यानं तिला काखेत धरून वर काढलं. पाय सोलवटला, बाकी काही नाही. पोर रडून मोकळी झाली. दादा मात्र माझ्या दारात येऊन उभा राहिला, आणि पाण्याचा तांब्या दिला तर तो न पिताच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं घरातली घडीची खुर्ची नेली आणि भोकाला लागून टाकली.

इंजिनिअरबाई धावत आल्या. चेहरा उतरलेला. "दादा, तुम्ही काही दुरुस्त तर करत नाही ना?"

"बसलोय," दादा म्हणाला. "माणूस बसला तर ती दुरुस्ती होते का, बाई?"

तिनं विचार केला. "नाही होत," म्हणाली, आणि रस्त्याकडे तोंड फिरवून डोळे पुसले. संध्याकाळी तिनं स्वतःची मोठी छत्री पाठवली. वाईट नाही हो ती मुलगी. तिचेही हात बांधलेले.

तेव्हापासून दादा तिथं आहे. पोरं शाळेत जाताना त्याचा हात धरून भोकापुढून जातात. एसटी आली की हा उठतो, हात आडवा करतो, सगळे प्रवासी उतरतात, हा पुढं चालतो आणि मागून रिकामी गाडी. अलीकडे आली की लोक पुन्हा चढतात. पहिल्यांदा कंडक्टर शिव्या द्यायचे, आता गुपचूप दार उघडतात. टवाळ पोरं म्हणतात, "ठिगळदादा आता स्वतःच ठिगळ झाले." त्यांचं काय जातंय बोलायला. शेवटच्या गाडीनंतर हा घरी जातो आणि पहिल्या गाडीच्या आधी परत हजर.

आणि ठरलं काय होतं? निवृत्त झाला की पोरीकडे जाऊन राहायचं. ती सासरी, लांबच्या गावी, सकाळची एसटी दिवस मावळता पोचते. जावई चांगला आहे, त्यानं दादासाठी एक खोली रंगवून ठेवली होती. आणि ह्या सगळ्यात पोरीला मुलगी झाली. दादाला फोनवर रडणं ऐकवलं, तर हा फोन कानाला धरून हसतोय आणि एका हातानं सायकलवाल्याला बाजूला करतोय.

"बाबा, कधी येताय?"

"पूल झाला की लगेच."

"पूल काय तुमचा आहे?"

नात मान धरायला लागली, पालथी पडायला लागली, आणि पुलाचं टेंडर आहे तिथंच. शेवटी पोरगी म्हणाली, "बाबा, ती आता बसायला लागली. तुम्हीही तिकडे बसलेलेच. दोघं एकमेकांना बघणार कधी?" त्यानंतर तिचा फोन येईना. हा करायचा, तर ती दोन शब्दांत संपवायची. दादाची भाकरी अर्धी झाली. नळावर आल्यासारखा माझ्याकडे यायचा, चार घोट पाणी प्यायचा आणि परत.

माझं डोकं फिरलं. गिरणी चालू ठेवून मी तशीच पिठाच्या हातानं पुलावर गेले आणि चारचौघांत त्याच्यावर ओरडले. "ऊठ! ऊठ म्हणते ना! सगळ्या गावाचा मक्ता तूच घेतलायस का? दोन दिवस मी बसते. गिरणी बंद ठेवते. जा, नात बघून ये, नाहीतर मी तुझ्याशी बोलायची नाही."

तो लहान मुलासारखा म्हणाला, "खरंच बसशील?"

पोरीला कळवलं. मी एक मऊ दुपटं शिवलं, टोपडं केलं. दादानं केस कापून घेतले, इस्त्रीचा शर्ट काढला. सकाळी मला खुर्चीत बसवून सगळं समजावलं. खुर्चीचा कुठला पाय कुठं ठेवायचा, कुठलं पोर ऐकत नाही, दूधवाला कसा मान वर न करता येतो. मी म्हटलं, "अरे, जा बाबा, मला काय कुक्कुलं बाळ समजलास?" तो पिशवी घेऊन स्टँडकडे गेला.

आणि मग मी खाली बघितलं. बाई गं! माझ्या पावलांच्या मध्ये वाहतं पाणी. एक मोटारसायकल गेली तर खुर्ची हाडापर्यंत थरथरली. माझा भाऊ इतके महिने ह्याच्यावर बसलाय आणि मला वाटायचं, नुसता बसलाय. पण मी काही चुकले नाही, सांगून ठेवते. पोरांना हात दिला, दूधवाल्याला हाक मारून थांबवलं. एसटी आली. मी उठले, हात आडवा केला, लोक उतरले, दादाही उतरला. मी पुढं, मागं गाडी, कडेनं लोक. गाडी अलीकडे सुखरूप आणली आणि लगोलग येऊन खुर्चीत बसले.

लोक चढले. दादाचा एक पाय पायरीवर. त्यानं मागं वळून बघितलं. कंडक्टर म्हणाला, "चला मामा." दादानं त्याच्या हातात पिशवी दिली, काहीतरी सांगितलं, आणि पाय खाली घेतला. एसटी गेली.

तो चालत माझ्यापर्यंत आला. "ऊठ."

"काय चुकलं माझं?" मी भडकलेच. "सांग ना, काय चुकलं?"

"काही नाही. झकास केलंस."

"मग?"

तो भोकाकडे बघत होता. "तिला एकदा मांडीवर घेतलं ना, की मी परत येणार नाही गं. मला माझं माहीत आहे."

मी उठले, तो बसला. मी जाऊन गिरणी चालू केली, कारण दारात दोन बायका डबे घेऊन उभ्या होत्या.

दिवस मावळताना माझा फोन वाजला. पोरीचा. मागं गाड्यांचा गलका, आणि कुणाचं तरी बोबडं हुंकारणं.

"आत्या, कंडक्टरनं पिशवी दिली. दुपटं फार सुंदर आहे. बाबा मागच्या गाडीनं येतायत का? आम्ही दोघी स्टँडवरच थांबलोय."

दारातून मला पूल दिसत होता. दादा उठून उभा होता, हात आडवा, आणि पलीकडून आलेल्या गाडीतून लोक उतरत होते.

"आत्या? हॅलो? आत्या, ऐकू येतंय का?"

मी गिरणी बंद केली, तरी माझा आवाज तिला ऐकू जाईना. शेवटी कसंबसं म्हटलं, "घरी जा बाळा. पोरीला वारा लागेल."