शर्टाखाली शमीज

मी राईस मिलमध्ये बॉयलरवर होतो. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं. मोबाइल तेव्हा मिलमध्ये फक्त मालकाकडे होता. माझ्या खाकी शर्टाच्या आत रोज बायकांची शमीज असायची. पांढरी, बारीक पट्ट्यांची. गोंदियाच्या बाजारात वहिनीसाठी म्हणून घ्यायचो. दुकानदार विचारायचा, "साइज क्या है भाभी की?" मी हातांनी हवेत माझ्याच खांद्यांचं माप दाखवायचो. बुटांच्या आत पायाच्या नखांना लाल नेलपॉलिश असायचं. बस, एवढंच. शमीज अंगाला लागली की दिवसभर डोकं थंड राहायचं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं, आताही येत नाही.

बॉयलरच्या धगीत बाकीचे गडी बनियनवर, नाहीतर उघड्या अंगानं काम करायचे. मी गळ्यापर्यंत गुंड्या लावून घाम गाळायचो. "याले थंडी वाजते बे," म्हणून ते हसायचे. धानाचं पोतं मी एकटा पाठीवर घ्यायचो, त्यामुळे हसणं त्यापुढं जात नव्हतं.

महाशिवरात्रीला आम्ही मिलमधले चौघं सायकलींवर नागऱ्याच्या जत्रेला गेलो. भर दुपार. देवळापुढं बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. आम्ही रांगेत असतानाच पलीकडून किंकाळी आली.

"माणूस हाये हा! लुगडं नेसून आला!"

लगेच दुसरा आवाज आला, "पोट्टे चोरणारा हाये!" तो कुणी काढला, कुणालाच माहीत नव्हतं. पण पुढं तेवढंच गेलं.

आम्ही पोचेपर्यंत त्याला नारळाच्या दुकानांमागं ओढत नेलं होतं. माझ्याच वयाचा, सडपातळ माणूस. हिरवी साडी अर्धी फेडलेली. एकानं त्याचे केस धरले होते, दुसरा चपलेनं तोंडावर मारत होता. तो हात जोडून म्हणत होता, "दर्शनाले आलो जी, फक्त दर्शनाले." बांबूचा एक फटका कोपरावर बसला तसा जोडलेला हात लोंबला.

मी उभाच होतो. माझ्या सोबत्यानं मला ढकललं. "तू काऊन पाहून राहिला बे? मार ना!"

मी मारलं. पहिली लाथ बरगडीत. खरं सांगायचं तर तेव्हा वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर आहेत आणि मी नजर टाकणाऱ्यांत आहे, याचं ते सुख होतं. मी वाकलो, त्याची मान धरली. त्यानं सुटण्यासाठी माझी कॉलर पकडली, आणि वरच्या दोन गुंड्या तुटल्या.

त्याला ती दिसली. खांद्यावरची पांढरी पट्टी. त्यानं पट्टीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रक्तानं माखलेलं त्याचं तोंड उघडलं.

मी त्या तोंडावर मूठ मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा माझ्या मुठीत काहीतरी टोचलं, तो त्याचा दात होता. एका हातानं मी कॉलर आवळून धरली होती आणि दुसऱ्या हातानं मारत होतो. शेवटी एक हवालदार काठी फिरवत घुसला आणि त्याला ओढून घेऊन गेला. साडी तिथंच मातीत राहिली. सोबती पाठ थोपटत म्हणाला, "तुनं त मस्त तोडला त्याले."

दुसऱ्या दिवशी मी शमीज बॉयलरच्या भट्टीत टाकली. मूठ पिकली, आठ दिवस उजव्या हातानं भाकर तोडता येईना. पंधरा दिवसांनी मी नवी शमीज घेतली.

पुढं वर्षभर मी मनाशी एक गोष्ट घोळवत राहिलो: त्यानं पाहिलं, आणि तरी तो बोलला नाही. त्यानं मला वाचवलं. या गोष्टीनं मला झोप लागायची.

मग एकदा नवेगाव बांधकडून धान आणायला मिलच्या ट्रकसोबत गेलो. कोहमाऱ्याला ड्रायव्हर एका ढाब्यावर थांबला. मी हात धुवायला मागं गेलो, तर तंदूरवर रोट्या लावणारा माणूस तोच. वरचा ओठ शिवलेला, समोरचे तीन दात नाहीत, डावा हात कोपरातून सरळ होत नव्हता. पँट-शर्टात होता. त्यानंही मला ओळखलं.

"नागऱ्याले मीच मारलं तुले," मी म्हणालो.

"माहीत हाये."

"तू कोणाले सांगितलं काऊन नाही? तुनं पाहिलं होतं." मी शर्टाची गुंडी काढायला लागलो. त्याला दाखवायचं होतं, की आपण एकच आहोत.

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "ओरडणारच होतो, की यालेबी पाहा, यानंबी आत घातलं हाये. तुले मारायले लागले असते त मी पळालो असतो. तुनं तोंड फोडलं."

माझा हात गुंडीवरच राहिला.

"झाक ते," तो म्हणाला. "मले कायले दाखवून राहिला? माझी माय अजूनबी विचारते, कोणं मारलं म्हणून."

मी माफी मागायला पुढं झालो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तंदुरातली लोखंडी सळई ओढली आणि माझ्या मनगटावर मारली. कातडी सळईला चिकटली. मी ओरडलो. त्यानं दुसऱ्यांदा सळई उचलली, मी हात मागं घेतला नाही. त्यानं थोडा वेळ ती तशीच धरली, मग पुन्हा आगीत खुपसली आणि रोटी लावायला वळला.

ड्रायव्हर धावत आला. "क्या हुआ?"

"मेरेसेच लगा," मी म्हणालो.

त्या ढाब्यावर मी परत गेलो नाही. त्यानं तसं सांगितलं नव्हतं, पण समजण्यासारखं होतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी बायकोला माझे हे आतले कपडे पेटीत सापडले. मी तिला सगळंच सांगितलं, जत्रेचंही. ती आठ दिवस माहेरी जाऊन राहिली आणि परत आली. कपड्यांचं तिनं हळूहळू सोडून दिलं. आता दोरीवर तिच्याच साडीखाली माझी शमीज वाळत घालते. जत्रेचं मात्र तिनं सोडलेलं नाही. भाजी निवडताना मध्येच थांबते आणि विचारते, "तो हात जोडून होता, तरी तुमी मारलं?"

मी हो म्हणतो.