गावंडे साहेबांचा पहिला प्रकल्प

रस्त्यात पूल आला की गावंडे साहेब जीप थांबवायला लावत आणि कठड्यावरून वाकून खाली बघत. पाणी दिसलं की चेहरा खुलायचा. अमरावतीच्या कार्यालयात मी त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर. साहेब मूळचे हिवरखेडचे. साऱ्या नोकरीत त्यांची बोली तसूभर बदलली नाही.

मेळघाटातून उतरणाऱ्या एका नदीवर त्यांनी छोटा वीजप्रकल्प बांधला होता. नदीचं पाणी कालव्यानं वळवायचं, टर्बाइन फिरवून खाली पुन्हा नदीत सोडायचं. "एक गाव नाही उठवलं," हे ते अभिमानानं सांगत. पुढे त्याच नदीवर इतरांनी आणखी दोन बांधले.

साहेब निवृत्त झाले आणि त्यांची थोरली बहीण, सुशीलाबाई, भेटायला आली. तिचं सासर त्याच नदीकाठी, अंजनगावच्या बाजूला. नदीच्या वाळूत ती दरसाल डांगरं, काकड्यांची वाडी लावायची.

"भाऊ, यंदा वाडी नाही लावली. हातभर उकरलं तरी ओल नाही लागत."

"ताई, आमी घेतलेलं पानी सारं परत सोडतो."

"मंग मले काहून नाही दिसत?"

दुसऱ्याच आठवड्यात साहेब मला घेऊन नदीच्या पात्रातून चालत निघाले. पहिल्या प्रकल्पानं सोडलेलं पाणी जरा वाहतं न वाहतं तोच दुसऱ्यानं वळवलेलं, पुढे तिसऱ्यानं. मधे नुसते दगड, आणि आटत्या डबक्यांत मेलेले मासे. शेवटी तिसऱ्यानं दिवसभर साठवून एकदम सोडलेलं पाणी लोंढ्यानं यायचं आणि वाळूत मुरायच्या आत निघून जायचं.

साहेब एका दगडावर बसले. "एकेकाचा हिशेब बरोबर हाये. तिघायचा मिळून कोनीच नाही केला. मीबी नाही."

चौथ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत ते उभे राहिले. "हा बांधू नका. अन् पहिल्या तिघायनं नदीत सतत थोडं पानी वाहू द्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, तुमचा झाला, आता दुसऱ्याचा नको?"

"तसंच दिसते. म्हनून म्हनतो, सुरुवात माह्यापासून करा."

जुने सहकारी दुखावले. काहींनी त्यांच्याकडे येणं सोडलं. साहेब संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसत, कुणी वळतंय का बघत. चौथा प्रकल्प रद्द झाला नाही, नुसता लांबला. साहेबांच्या प्रकल्पातून मात्र नदीत सतत थोडं पाणी सुटू लागलं; इतर दोघांनी दाद दिली नाही. दुसऱ्याच्या कालव्यापाशी ते वळायचं, सुशीलाबाईपर्यंत पोचलंच नाही. हे सांगायला मी गेलो तेव्हा साहेब अंथरुणाला खिळले होते.

"दोन मैल तरी वाहते ना?" त्यांनी विचारलं.

"वाहते."

"मंग तिथून पुढचं तू पाह्य."

पोळ्याच्या आधी साहेब गेले. उरलेल्या दोन प्रकल्पांतूनही पाणी सुटावं म्हणून मी अजून चकरा मारतो आहे.