अंगण खरंच वाकडं होतं

हल्ली लोकांना जुन्या व्हिडिओ गेमांचं फार कौतुक. डोळे मिटून सांगतात, काय दिवस होते, काय मजा होती! असल्या माणसांपुढे आमचं डबडं नेऊन ठेवावंसं वाटतं. घ्या, खेळा म्हणावं, आणि मग सांगा मजा.

डबडं म्हणजे आमच्या वडिलांनी एका बंद पडणाऱ्या दुकानातून आणलेला व्हिडिओ गेम. दुकान का बंद पडत होतं ते डबडं घरी आल्यावर कळलं. थोडा वेळ चाललं की ते तापायचं, मग त्याला दोन पालथ्या ताटल्यांवर ठेवून पुठ्ठ्याने वारा घालावा लागे. चित्रात निळा रंग कधी आलाच नाही, त्यामुळे आमच्या नदीचं पाणी जन्मभर हिरवं. वरच्या खाचेत बसवायची कॅसेट सैल होती. ती अंगठ्याने दाबून धरली तरच चित्र टिकायचं. आणि जॉयस्टिक डावीकडे ओढायची. तुम्ही हात लावा न लावा, पडद्यावरची होडी आपली डाव्या काठाकडे निघालेली.

खेळ एकच होता. नदी, होडी आणि एकामागून एक पूल. पुलाच्या खांबांमधून होडी पार करायची. खेळायचा माझा थोरला भाऊ, दादा. कॅसेट दाबून धरायचो मी. खेळ त्याचा, अंगठा माझा, हे आमच्या घरात कधी आणि कुणी ठरवलं देव जाणे, पण ठरलं ते ठरलं. मी कुरकुर केली की दादा म्हणायचा, "तुझ्यासारखा अंगठा कुणाचा नाही रे." आणि मी गाढव, तेवढ्यावर फुगायचो.

होडी खांबावर आपटली की दादा जॉयस्टिकच्या नावाने बोटं मोडायचा. आई आतून म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं!" त्यावर दादाचं ठरलेलं उत्तर होतं, "अगं आई, पण अंगण खरंच वाकडं आहे!" होतंच ते वाकडं. शेवटी दादाने त्यावर तोड काढली. मनगट जरा वळवायचं, जॉयस्टिक सतत उजवीकडे दाबून धरायची, आणि तो दाब कमी-जास्त करत होडी सरळ न्यायची. शेजारची पोरं यायची आणि पहिल्याच पुलाला गार व्हायची. दादा मात्र पुलामागून पूल पार करायचा, माझा अंगठा बधिर होईपर्यंत. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला दादापेक्षा मोठा माणूस जगात दिसत नव्हता.

त्याच हातांवर दादाने पुढे नाव कमावलं. आम्ही दोघं एकाच पाइपच्या कारखान्यात लागलो. दादा वर, छताखालच्या रुळांवरून फिरणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये. मी खाली, पाइपांच्या बंडलांना साखळ्या घालून हुक लावणारा आणि दादाला हाताने खुणा करणारा. म्हणजे इथेही खेळ त्याचा, अंगठा माझा. अंगठा वर म्हणजे उचल. तळहात खाली म्हणजे हळू उतरव. मूठ आवळली म्हणजे आहे तिथे थांब. खुणा नेहमी खालून वर जातात, कारण वरच्याला ओझं दिसतं पण ओझ्याखालचं दिसत नाही.

उचललेलं बंडल झोका घेतं. नवखा क्रेनवाला तो झोका थांबायची वाट बघत बसतो. दादा झोक्याबरोबर क्रेन नेमकी तेवढीच पुढे न्यायचा आणि झोका मोडून टाकायचा. मग बंडल असं टेकवायचा की साखळीचासुद्धा आवाज होत नसे. नवे साहेब आले की त्यांना मुद्दाम आमच्या शेडमध्ये आणून दादाचं काम दाखवत. दादा वरून त्यांच्याकडे बघायचा नाही, पण त्या दिवशी त्याचं बंडल आणखीच अलगद उतरायचं. एरवी खाली आला की तो अगदी साधा माणूस. चारचौघांत बोलता येत नाही, बँकेत गेला की वहिनीच्या मागे उभा राहतो. क्रेनच्या शिडीवर चढला की मात्र त्याचे खांदेच बदलायचे.

आई-वडील गेले, आमचे संसार झाले, पण डबडं राहिलं. ते दादाकडे असतं. मी त्याच इमारतीत एक मजला खाली राहतो. कामावरून आलो, चहा झाला की मी वर जायचो आणि कॅसेटवर अंगठा ठेवून बसायचो. वहिनी म्हणायची, "बसली आमची दोन पोरं." गरम झालेल्या धुळीचा एक वास त्या डबड्याला येतो. तो वास आला की मला आईचा आवाज ऐकू यायचा. दादालाही येत असणार. आम्ही हे एकमेकांशी कधी बोललो नाही.

मग गेल्या वर्षी दादाची होडी आपटायला लागली.

आधी मी चेष्टा केली. "म्हातारा झालास," म्हटलं. दादा म्हणाला, "जॉयस्टिक जास्तच ओढायला लागलीय रे." तीही बिचारी जुनी झाली असेल, असं मलाही वाटलं. पण मग कारखान्यात एक बंडल धाडकन टेकलं. साखळी एवढ्या जोरात वाजली की पलीकडचा वेल्डर काम सोडून बघायला लागला. काही दिवसांनी दुसरं बंडल झोका न मोडता खाली आलं आणि माझ्या हेल्मेटला चाटून गेलं. मी मागे सरकलो नसतो तर हे सांगायला उरलो नसतो.

जेवणाच्या सुट्टीत मी दादाला गाठलं. तो चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसला होता. हल्ली तो असाच धरायचा.

"दादा, एकदा डॉक्टरला हात दाखव."

"क्रेनला बोलव डॉक्टर," तो म्हणाला. "डावीकडे ओढतेय ती."

त्याने तशी तक्रारही केली. फिटरने वर जाऊन क्रेन तपासली. काही सापडलं नाही. दादाने पुन्हा तक्रार केली, त्याने पुन्हा तपासली. नंतर तो खाली उतरला, माझ्याकडे बघितलं आणि हात पुसत निघून गेला. मी दादाकडे परत विषय काढला तर तो माझ्यावरच उलटला. "तुला हुक नीट लावता येत नाही, आणि माझ्या हातांना दोष देतोस?" आयुष्यात पहिल्यांदा आम्ही एकमेकांशी बोलणं टाकलं. खुणा तेवढ्या चालू होत्या. अंगठा, तळहात, मूठ.

मला भीती वाटत होती, हे सरळच सांगतो. माझ्या जिवाची वाटत होतीच, पण त्याहून जास्त त्या वेल्डरच्या, आणि बंडलं मोजायला मध्येच येणाऱ्या माणसाच्या. कुणी चिरडलं गेलं तर दादा जिवंत राहणार नाही, हे मला माहीत होतं. आणि साहेबांना सांगून त्याला खाली उतरवलं तरी तो तसाही फार राहणार नाही, हेही माहीत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. रोज सकाळी कामाला निघताना बायको विचारायची, "काय झालंय?" आणि मी म्हणायचो, काही नाही.

दादाला एक मुलगी. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते आणि तिच्या हातात बापाची कला आहे. बाबा रोज संध्याकाळी जॉयस्टिकच्या नावाने खडे फोडत, हे तिने ऐकलं होतं. बाकी तिला काही ठाऊक नव्हतं. तिने मनाशी ठरवलं, बाबांच्या पन्नाशीच्या वाढदिवसाला त्यांना आवडेल अशी भेट द्यायची. जॉयस्टिक गुपचूप दुकानात नेली, उघडली, आतली झिजलेली पट्टी काढून नवी बसवली आणि परत होती तशी ठेवून दिली.

वाढदिवसाला आम्ही सगळे दादाच्या बाहेरच्या खोलीत जमलो. अबोला धरून मीही गेलो, न जाऊन सांगतो कुणाला? केक कापून झाल्यावर चिमणीने डबडं चालू केलं आणि जॉयस्टिक दादाच्या हातात दिली.

"बाबा, आता बघा. अजिबात ओढत नाही. कॅसेटला मात्र मी हात लावला नाही हं, नाहीतर काकाची नोकरी जायची!"

सगळे हसले. मी जाऊन अंगठा ठेवला.

होडी निघाली आणि सरळ उजव्या काठावर जाऊन फुटली. दादाचा हात सवयीने उजवीकडेच दाबत होता. परत हशा झाला. वहिनी म्हणाली, "अहो, अंगण सरळ झालंय, आता तरी नाचा!" दादाही हसला. "थांबा, थांबा," म्हणाला. त्याने मनगट सरळ केलं, दाब सोडला आणि जॉयस्टिक नुसती हातात धरली.

होडी नदीच्या मधोमध आली आणि थरथरायला लागली.

इतकी वर्षं ती जॉयस्टिक ओढायची, दादा तिला उलटं दाबून धरायचा, आणि त्या दाबात त्याचा हात घट्ट राहायचा. आता दाबायला काही उरलं नव्हतं. पाणी शांत, काठ शांत, आणि मध्ये ती एवढीशी होडी थंडी वाजल्यासारखी कापत होती. दादा तिच्याकडे बघत राहिला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. होडी कापतच होती. मग पूल आला आणि होडी खांबावर गेली.

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझंच काहीतरी चुकलं असेल, बाबा. पट्टी सैल बसली असेल. उद्या परत उघडते."

दादाने जॉयस्टिक हळूच खाली ठेवली. "नाही गं," तो म्हणाला. "चांगली केलीस तू. अगदी बरोबर केलीस." तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, आणि मध्येच हात मागे घेऊन खिशात घातला.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी तो कामावर यायचा नाही. पण आला. नेहमीसारखा जेवणाचा डबा खांद्याला अडकवून शिडी चढला. माझ्याकडे बघितलं नाही. मी मनात म्हटलं, आता बास, आज साहेबांना सांगायचंच. दादा मला जन्मात माफ करणार नाही, न करो. पण सांगायच्या आधी पहिलं बंडल आलं. साखळ्या घातल्या, हुक लावला, वेल्डरला लांब जायला सांगितलं आणि अंगठा वर केला.

बंडल जमिनीपासून वीतभर सुटलं आणि थांबलं.

मी परत अंगठा वर केला. बंडल हललं नाही. मग ते हळूहळू, अगदी जपून, होतं तिथेच खाली बसलं. साखळी वाजली नाही. मी वर बघितलं. केबिनच्या खिडकीतून दादाचा हात बाहेर आला होता, आणि त्याने मूठ आवळली होती.

ती खूण माझी. इतक्या वर्षांत ती वरून कधी आली नव्हती. मूठ घट्ट होती आणि तरीही मनगट हलत होतं, ते मला एवढ्या खालूनही दिसलं.

तो शिडी उतरायला लागला तेव्हा साहेब धावत आले. "काय झालं? क्रेनला काय झालं?"

"क्रेनला काही झालेलं नाही, साहेब," दादा म्हणाला. "क्रेन चांगली आहे." मग माझ्याकडे वळला. किती दिवसांनी बोलत होता. "अंगण सरळ आहे रे," म्हणाला. मी त्याच्या खांद्यावरचा डबा काढून घेतला. तो त्याने कधी कुणाला घेऊ दिला नव्हता.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. हातांचा कंप कमी होईल, जाणार नाही, म्हणाले. साहेबांनी दादाला गोदामात काम दिलं. तो जातो. क्रेन डोक्यावरून गेली की वर बघत नाही.

काल मी वर दादाच्या घरी गेलो तर डबडं चालू होतं आणि दादा माझ्या जागी बसला होता, कॅसेटवर अंगठा ठेवून.

"आज तू खेळ," तो म्हणाला.

मी जॉयस्टिक हातात घेतली. पन्नाशीला टेकलो, पण ती पहिल्यांदाच हातात घेत होतो. होडी निघाली. त्याच्या अंगठ्याखाली कॅसेट हलत होती, त्यामुळे चित्र सारखं जात होतं, येत होतं. नदी दिसायची, नाहीशी व्हायची. मी पहिल्याच खांबावर आपटलो.

"जाऊ दे दादा," मी म्हणालो, "डबडंच जुनं झालंय."

"डबड्याला नावं ठेवू नकोस," दादा म्हणाला. मी माझा डावा अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला, दाबून धरला, आणि चित्र टिकलं.