दोन कॅमेरे आणि टेकडीवरचं मोहाचं झाड

शहाद्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. महिन्यातून एखादा तरी माणूस मोबाईल पुढे करत येतो, "भाऊ, दखा बरं, हाई काय शे फोटोमा?" फोटोत पांढरे गोल तरंगत असतात. फ्लॅश धुळीवर पडला की असं दिसतं, हे मी त्याला समजावतो आणि चहा पाजून परत पाठवतो. भुताखेतांच्या गोष्टींवर सगळ्यात जास्त हसणारा माणूस मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

लग्नाच्या कामासाठी मी नवा मिररलेस कॅमेरा घेतला. जुना डिजिटल मात्र काही केल्या सोडवेना. मेगापिक्सेल विचारू नका, आजचा मोबाईल त्याला लाजवेल. मागचा स्क्रीन काडेपेटीएवढा आणि उन्हात पार आंधळा. पण सातपुड्याची लाल माती आणि सकाळचा निळसर धूर त्याच्यात जसा उतरतो, तसा नव्यात नाही उतरत. नवा सगळं स्वच्छ, धुऊन पुसून दाखवतो. बायको म्हणायची, "नवा लयना ना, मंग हाऊ जुना डबा आजून कसाले ठेयेल शे?" तिला पटवायचं म्हणून मी ठरवलं, एकच ट्रायपॉड, एकच फ्रेम आणि एकच वेळ ठेवून दोन्हींची तुलना करायची. निसर्गचित्रात कोण जिंकतं ते एकदाचं दिसू दे.

त्याच सुमारास रायसिंगचा फोन आला. रायसिंग पावरा माझा कॉलेजचा दोस्त, आता धडगावला आश्रमशाळेत शिक्षक आहे. त्याची आई पाड्यावरचं घर सोडून त्याच्याकडे राहायला आली होती आणि अंथरुणाला खिळली होती. तिला तिची टेकडी बघायची होती, निदान फोटोत तरी. टेकडी म्हणजे खरं तर टेकडीवरचं तिचं मोहाचं झाड. डोंगरात मोहाच्या झाडांना मालक असतात. झाड दुसऱ्याच्या शेतात असलं तरी मालकी ज्याची त्याची. हे झाड सासऱ्याने तिला दिलेलं. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची, म्हणजे पडलेलं फूल नीट दिसतं आणि वेचता येतं. हे काम तिने उभ्या आयुष्यात कुणाला करू दिलं नव्हतं.

आणि ते झाड गेल्या पावसाळ्यात वादळाने पडलं होतं. रायसिंगने तिला सांगितलं नव्हतं.

"रोज विचारते रे, माझा मोह कसा आहे म्हणून," तो म्हणाला. "सांगितलं तर जेवण सोडेल. तू फोटो असा काढ की ती जागाच येणार नाही."

फाल्गुनात आम्ही दोघं उजाडताना पाड्यावर पोचलो. मी तिथे पहिल्यांदाच जात होतो. टेकडीच्या उघड्या माथ्यावर नुसता काळा पडलेला बुंधा होता. दूर कुठे तरी कुणी पाला जाळत असावं, कारण हवेत तो गोडसर वास होता. ऊन अजून आलं नव्हतं आणि डोंगरांच्या रांगा एकामागे एक विरघळत चालल्या होत्या. आम्ही दोघंही नकळत हळू आवाजात बोलायला लागलो. इतकं शांत मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आधी मी रायसिंगला हवा तसा फोटो काढला, बांबूच्या बेटाआडून, बुंधा झाकून. मग मला राहवेना. ट्रायपॉड उघड्यावर मांडला आणि माथ्यासकट पूर्ण टेकडी घेतली, आधी नव्याने, मग लगेच जुन्याने. एव्हाना ऊन वर आलं होतं, जुन्याच्या स्क्रीनवर नेहमीप्रमाणे काही कळलं नाही.

संध्याकाळी स्टुडिओत दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. नव्यात टेकडी, गवताची काडी न् काडी, बुंधा. जुन्यात... बुंध्याच्या जागी पूर्ण वाढलेलं झाड. खाली धुराची पातळ रेघ. आणि धुरापाशी वाकलेलं काही तरी लाल. मोठं करून बघितलं तर नुसते चौकोन दिसायला लागले. आधीचा फोटो राहिला असेल म्हणावं, तर कार्ड निघतानाच फॉरमॅट केलेलं. सेन्सर खराब म्हणावं, तर बाकी टेकडी तंतोतंत तीच. बायकोला बोलावलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हाऊ डबा इकू नका."

मी दोन प्रिंट काढल्या, बांबूवाली आणि ही. दुसरी पिशवीतच ठेवायची असं ठरवून धडगावला गेलो.

रायसिंगच्या आईने बांबूवाला फोटो हातात घेतला, नीट बघितला आणि बाजूला सारला. त्यांच्या पावरी बोलीत काही तरी म्हणाली. रायसिंगचा चेहरा पडला. "विचारतेय, माझं झाड कुठाय?" त्याचे डोळे भरले होते आणि ती त्याच्याकडेच बघत होती. मला ते बघवेना. मी पिशवीतून दुसरा फोटो काढून तिच्या हातात दिला.

रायसिंगने तो तेव्हा पहिल्यांदा बघितला आणि खाटेच्या कडेला बसला. म्हातारी मात्र हसली. धुरापाशी जे लाल होतं, त्याच्यावर बोट ठेवून ती सावकाश बोलत राहिली.

"अरे, काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते... झाड पडलं ते तिला माहीत होतं. मी कधी सांगतो याची वाट बघत होती." त्याने पुन्हा फोटोकडे बघितलं. "पण पाला जाळायला ती रोज पहाटे जातेच म्हणते. झोपेत. त्या दिवशी खाली आपण दोघं दिसलो तिला."

मग तिने माझ्याकडे वळून, जरा रागावूनच, आणखी काही तरी सांगितलं. हात तोंडाशी नेऊन हाक मारल्याची खूण केली. रायसिंगने खाली मान घालून मराठीत सांगितलं.

"म्हणते, पाठमोरी काढलीस. हाक मारायची ना. वळले असते."

तुम्ही म्हणाल सेन्सर, म्हणाल प्रकाशाचा खेळ. मीही लोकांना हेच सांगत आलोय. म्हातारी अजून आहे, दोन घास जास्तच जेवते म्हणे. फोटो तिच्या उशाशी असतो. वर्ष होत आलं, डोंगरातले मोह पुन्हा फुलायला आलेत आणि जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी मी चार्ज करून ठेवलीय. टेकडीवर जाणार हे नक्की. फक्त तिथे उभं राहून हाक मारायची की नाही, ते अजून ठरत नाही.