गोड सोडवणारा पाला

महिपतींनी बायकोच्या स्वयंपाकाला आयुष्यात कधी छान म्हटलं नाही. उगाच खोटं कशाला बोला! अगदीच जीव खूश झाला, तर ताटावरून उठता उठता म्हणायचे, "बरं हाय." हे 'बरं हाय' म्हणजे त्यांच्याकडचं सुवर्णपदक. एरवी मीठ कमी, आमटी पातळ, भाकरी जाड. माणूस मूळचा वाघोलीचा, शेतकऱ्याच्या घरातला, नोकरी सगळी कात्रजच्या दूध डेअरीत आणि राहायला कर्वेनगरात. त्यामुळे गावाकडचा ठसका आणि पुण्याचा खवचटपणा, दोन्ही त्या एकाच जिभेवर सुखानं नांदत होते. सत्यशीलाबाई एका कानानं ऐकायच्या आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकायच्या.

त्या जिभेला आणखी एक खोड होती. जेवण झालं की गोड हवंच. श्रीखंड नसेल तर पेढा, पेढा नसेल तर तूप-साखर-पोळी, आणि घरात काहीच नसेल तर डब्यातला गुळाचा खडा. निवृत्त होता होता रक्तात साखर निघाली. महिपतींनी ती बातमी सर्दी झाल्यासारखी ऐकून घेतली. सत्यशीलाबाईंनी मात्र ती तशी ऐकली नाही. थोरल्या दिरांचा पाय ह्याच साखरेपायी गुडघ्याखालून कापावा लागला होता. पायजम्याची ती रिकामी, गाठ मारलेली नळी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. आपल्या माणसाचे पाय शाबूत ठेवायचे, एवढंच मग त्यांनी मनाशी धरलं.

आधी सगळ्या बायका करतात तेच केलं. डबे लपवले, भांडल्या, शपथा घातल्या. महिपतींनी स्कूटरच्या डिकीत पेढे ठेवायला सुरुवात केली. लेक उत्कर्षा आयटीत, तेव्हा नुकतीच लग्न होऊन बेंगळुरूला गेलेली. ती फोनवर म्हणाली, "आई, ही क्रेव्हिंग्ज असतात गं. नाही म्हटलं की जास्त वाढतात. त्यांना दुसरं काहीतरी दे ना, इंटरेस्टिंग!" बाईंना राग आला. इंटरेस्टिंग म्हणे! पण वाक्य डोक्यात राहिलं.

एका दुपारी थालीपिठाबरोबर त्यांनी पुदिना वाटून ताकात घातला होता, वरून जिरं आणि किसलेलं आलं. महिपती जेवले, पेलाभर ताक प्यायले आणि चक्क उठून गेले. गूळ मागितलाच नाही! बाई हातात डबा घेऊन तशाच उभ्या. तिथं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ह्या मेल्या जिभेला गोडच हवं असतं असं नाही, तिला काहीतरी घडायला हवं असतं. ते ताटातच घडलं, तर ती मागाहून हट्ट करत नाही.

मग काय! गॅलरीतला गुलाब गेला आणि कढीपत्ता आला. पुदिना आला, गवती चहा आला, ओव्याची जाड, मऊ पानं आली, सब्जाचं झुडूप आलं. कढीपत्ता कुरकुरीत भाजून तीळ, लसूण आणि सुक्या खोबऱ्याबरोबर कुटायचा, ती चटणी दोन्ही वेळच्या ताटात. ओव्याची पानं बारीक चिरून भाजणीत. वरण उतरवताना कोथिंबिरीची कोवळी देठं आणि लिंबू. जेवणाआधी भिजवलेल्या सब्जाचं पाणी, म्हणजे पोट निम्मं आधीच भरतं. चारच्या चहात साखर बंद, गवती चहा आणि दालचिनीचा तुकडा. आणि जेवण झाल्यावर हात डब्याकडे जायच्या आत तळहातावर बडीशेप आणि पुदिन्याची दोन पानं. "चावा," म्हणायच्या, "आणि पाच मिनिटं गप बसा."

"आज पाल्याला भाजी काय हाय?" महिपती ताटावर बसताना विचारायचे. "माझी म्हैस केली हिनं." पण खायचे. डिकीतले पेढे कमी झाले, बंद मात्र झाले नाहीत. बाईंना वास यायचा, त्या बोलायच्या नाहीत. असं वर्ष-दीड वर्ष चाललं.

आणि मग होळी आली. सणाचा दिवस म्हणून बाईंनी पुरणपोळी केली, एकच वाढायची असं ठरवून. महिपतींनी ती अर्धी खाल्ली, ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "छान झालीय. पण नको आता. गोड नकोसंच झालंय."

छान! त्या शब्दानं बाईंना काय झालं ते काय सांगावं. जन्मभर मीठ कमी आहे हे ऐकलेले कान ते. त्या ओट्याशी जाऊन पदर तोंडाला लावून एकट्याच हसल्या. त्या दिवसानंतर महिपती रोजच छान म्हणू लागले. चटणी छान, ताक छान, थालीपीठ छान. खायचे थोडंच, दोन घासांत पोट भरलं म्हणायचे. बाई म्हणायच्या, सब्जा तो सब्जा! तपासणीत साखर उतरलेली निघाली. डॉक्टरांनी निरोप दिला होता की रिपोर्टबरोबर त्यांनाही एकदा घेऊन या. बाई एकट्याच गेल्या आणि सांगून आल्या, "त्यांना काय झालंय, एकदम फिट आहेत."

पँटी ढिल्या झाल्या. बाईंनी चांभाराकडून पट्ट्याला नवी भोकं पाडून आणली आणि जिन्यात भेटेल त्या बाईला तो पट्टा दाखवला. "बघा, काही औषध नाही, काही नाही. नुसता पाला!" सोसायटीच्या महिला मंडळानं त्यांना बोलायला बोलावलं. ज्या बाईनं उभ्या जन्मात हळदीकुंकवालाही तोंड उघडलं नव्हतं, ती हातात माईक धरून बोलली. कढीपत्ता कसा भाजायचा, पुदिना कधी घालायचा, माणसाला उपाशी न ठेवता त्याचं गोड कसं सोडवायचं. बायका हसल्या, टाळ्या पडल्या, कुणीकुणी फोनवर सगळं रेकॉर्ड करून घेतलं. शेवटच्या खुर्चीवर महिपती बसले होते. सगळ्यांचं संपलं तरी ते टाळ्या वाजवत होते.

श्रावणात उत्कर्षा रजा काढून आली. बापानं दार उघडलं आणि तिच्या हातातली बॅग खाली पडली. रोज बघणाऱ्याला जे दिसत नाही ते तिला उंबऱ्यातच दिसलं. "बाबा, हे काय झालंय? आई, तू बघितलं नाहीस ह्यांच्याकडे?"

"अगं, वजन उतरलंय. उतरायलाच हवं होतं ना," बाई म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांनी नवऱ्याकडे लेकीच्या नजरेनं पाहिलं आणि त्या रिपोर्टांची फाईल शोधायला लागल्या.

उत्कर्षा त्याच दुपारी त्यांना घेऊन गेली. मग दुर्बीण घालून झालं, स्कॅन झालं. जठरात गाठ होती आणि ती तिथंच थांबलेली नव्हती, यकृतापर्यंत गेली होती. डॉक्टर तरुण होते, सौम्य बोलायचे. त्यांनी विचारलं, "काकू, ह्यांची भूक कधीपासून कमी झाली?"

"भूक नाही हो कमी झाली," सत्यशीलाबाई लगबगीनं म्हणाल्या. "गोड सुटलं त्यांचं. मी घरी कढीपत्ता..." डॉक्टर कागदावरून मान वर करून बघत होते. उत्कर्षानं आईचा हात घट्ट धरला. महिपती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. डॉक्टर म्हणाले, आता काही पथ्य नको, मागतील ते द्या. मागतील ते! ज्या बाईनं दोन वर्षं एका माणसाची इच्छा मारण्यात घालवली, ती आता ती इच्छा परत यावी म्हणून देवाला हात जोडू लागली. शिरा केला, बासुंदी आटवली, जिलेबी आणली, लपवलेले सगळे डबे ओट्यावर मांडले. महिपती कशालाही नाही म्हणायचे नाहीत. एक घास तोंडात धरायचे, कसाबसा गिळायचे.

एका सकाळी बाईंनी चमच्याच्या टोकानं श्रीखंड भरवलं. महिपती म्हणाले, "छान."

बाईंनी वाटी खाली ठेवली. हे 'छान' त्यांनी होळीला ऐकलं होतं. आवाज तोच, आणि तोंडावरचा भावही तोच, त्यात फरक म्हणून नव्हता.

"माझी शपथ आहे. खरं सांगा. चव लागते का तुम्हाला?"

महिपतींनी ओठावरचं श्रीखंड पुसलं. मग म्हणाले, "न्हाई लागत."

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासनं. पोळी तोंडात घातली अन् वाटलं, ओली माती चावतोय. मग पोटात दुखाय लागलं अधनंमधनं."

"आणि मला छान छान म्हणत होतात?"

"तू किती खुशीत होतीस गं," महिपती म्हणाले. धाप लागली म्हणून थांबले. "एवढ्या बायांपुढं माईक घेऊन बोललीस. तुला तसं मी कधी बघितलंच न्हवतं. म्हटलं, डॉक्टरकडं गेलो अन् दुसरंच काय निघालं, तर हिचं समदं खोटं पडंल. बाया हसतील हिला. थोडं थांबू, पावसाळा सरला की जाऊ दाखवायला."

सत्यशीलाबाई उभ्या राहिल्या. त्यांना एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. "अहो, मी काय त्या पाल्याशी लग्न केलं होतं? पडलं असतं खोटं! हसल्या असत्या चार दिवस बायका! मला काय करायचंय त्या बायकांचं? तुम्ही राहिला असतात ना!" आवाज शेजारपाजारी जात होता, जाऊ दे. "जन्मभर मीठ कमी, मीठ कमी म्हणून डोकं खाल्लंत माझं, आणि बोलायचं तेव्हाच शहाणे झालात?"

"चुकलं गं माझं," महिपती म्हणाले.

सत्यशीलाबाई पलंगाच्या पायथ्याशी बसल्या आणि चादरीखालून त्यांनी दोन्ही पाय कुशीत घेतले. पाय अगदी शाबूत होते. थोडे सुजले होते, एवढंच. त्या पायांना कवटाळून त्या इतक्या रडल्या की उत्कर्षा आतून धावत आली, आणि दोघांकडे बघून पुन्हा आत गेली.

गौरी-गणपतीच्या आधीच महिपती गेले.

दिवाळीनंतर उत्कर्षा आईला घेऊन जायला तयार होती, पण बाई हलल्या नाहीत. एका सकाळी बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या बापूरावांची सून कल्याणी दारात, नुकतीच नोकरीला लागलेली पोरगी. सांत्वनाचं बोलून झालं, पण तिच्या पोटात काही राहीना. "काकू, सांगू की नको असं झालंय मला. पण आमच्या सासऱ्यांनाही साखर आहे ना, त्यांनी ह्या दिवाळीत एका लाडवाला हात लावला नाही. ते आणि लाडू नको! मी तुमचं त्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकून रोज चटणी करत होते, ताक करत होते."

सत्यशीलाबाईंनी विचारलं, "वजन?"

"उतरलंय की! मस्त दिसतात."

"जेवण?"

"कमीच झालंय जरा. चार पोळ्या खायचे, आता दोन."

बाईंनी तिचं मनगट पकडलं. "आत्ता चल. त्यांना घे आणि चल. दुर्बिणीतून बघायला सांग, स्कॅन करायला सांग, सगळं कर."

"अहो काकू, त्यांना काही होत नाहीये!"

"ह्यांनाही काही होत नव्हतं!" बाई ओरडल्या. कल्याणी घाबरली, थोडी दुखावलीही. पण मनगट सुटेना. शेवटी तिघं रिक्षानं गेली. बापूराव वाटभर कुरकुरत होते, की चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसाला उगाच दवाखाना दाखवतात. सत्यशीलाबाई त्यांच्याकडे न बघता बाहेर बघत होत्या. तपासण्या संपेपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या, घोटभर पाणीही प्यायल्या नाहीत.

रिपोर्ट यायला दोन दिवस गेले. कल्याणी जिना उतरून धावतच आली. "काकू, काही नाही हो निघालं! सगळं क्लिअर! साखर एकदम कंट्रोलमध्ये. डॉक्टर म्हणाले, जे करताय तेच चालू ठेवा. खरंच तुमच्या चटणीनं सुटलं त्यांचं गोड."

"छान झालं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, दार लावून घेतलं.

खरं तर त्यांना बरं वाटायला हवं होतं. आधी आला तो रागच. वरच्या मजल्यावरचा तो म्हातारा धडधाकट, आणि चार पोळ्यांच्या दोन झाल्या तर नुसत्या दोनच झाल्या, मागं काही दुखणं नाही! मग त्या रागाची लाज वाटली. आणि मग, इतक्या वर्षांची सवय, घरात काही चांगलं घडलं की आधी आतल्या खोलीत सांगायचं, तशा त्या भराभर दोन पावलं आत गेल्या.

"अहो, ऐकलंत का? खोटं नव्हतं हो ते! बापूरावांचं गोड खरंच सुटलं!"

बोलून झाल्यावर त्यांना भान आलं. त्या तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि मोठमोठ्यानं रडल्या.